मुडदुशीला मिशा नसतात

मुडदुशीला मिशा नसतात.

हे आता मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण त्या वर्षी, थंडी नुकती पडायला लागली होती तेव्हा, मला ते ठाऊक नव्हतं. आणि आपल्याला ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं. भिलाई-३च्या बाजारातून मी मोठ्या ऐटीत मासळीची पिशवी आणली, ओट्यावर ठेवली आणि बायकोला म्हणालो, "घे तुझी मुडदुशी. म्हणे भिलाईत भेटत नाही! शोधणारा पाहिजे."

वृंदाने पिशवी परातीत उलटी केली. वीतभर लांबीचे, निमुळते, चंदेरी पोटाचे मासे. एकात अजून धुगधुगी होती. तो तोंडाची उघडझाप करत होता आणि त्या तोंडाभोवती लांबच लांब मिशा हलत होत्या.

"अहो," वृंदा म्हणाली, "मुडदुशीले मिशा कवापासून आल्या?"

"मिशा नोहेत त्या. गवत चिकटलं असंन."

आणि मी ते गवत ओढायला गेलो. गवत काही निघालं नाही. त्या माशाने अंगाला एक झटका दिला आणि आपला काटा माझ्या अंगठ्यात असा रुतवला, की परात एकीकडे, मासे दुसरीकडे आणि मी मोरीच्या नळाखाली. तो टेंगना होता. इथल्या कुठल्याही तळ्यात सापडणारा, गोड्या पाण्याचा, मिशाळ आणि काट्याच्या बाबतीत उदार.

आता माझी बाजूही ऐकून घ्या. मी जन्माने चरोद्याचा. वडील नागपूरकडून रेल्वेत इकडे आले आणि इथलेच झाले. आमच्या घरी मासा म्हणजे रोहू आणि रोहू म्हणजे रस्सा. कोयत्याने कापलेल्या तुकड्यांतच मासा पाहत मी मोठा झालो. अख्ख्या माशाशी माझी ओळख कोणी करून दिलीच नव्हती. शिवाय मी मासळीवालीला स्पष्ट विचारलं होतं, "समुंदर वाली है ना?" ती म्हणाली, "हव भैया." आता छत्तीसगडचं हे 'हव' म्हणजे होकार कमी आणि माया जास्त. तुम्ही विचाराल, आज पाऊस पडेल? हव. पडणार नाही ना? हव. समोरच्या माणसाचं मन मोडायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. जन्म इथे काढून मला एवढं कळायला हवं होतं.

अंगठा नळाखाली धरून मी मागे पाहिलं, तर स्वयंपाकघराच्या दारात तात्या उभे होते. तात्या म्हणजे माझे सासरे. ते फरशीवरच्या टेंगन्याकडे पाहत होते, मग माझ्या अंगठ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या पांढऱ्या मिशीखाली काहीतरी हललं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

*

आता पुन्हा तीच थंडी आली आहे. सकाळी यार्डात धुकं इतकं दाट असतं की मालगाडी दिसायच्या आधी तिचा आवाजच येतो. कपलिंग एकमेकांवर आदळत जातात, आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पळत सुटतो, आणि मग धुक्यातून एकेक काळा डबा पाय न वाजवता आल्यासारखा पुढे येतो. कॉलनीत सिगड्या पेटतात. बाजारात तिवऱ्याच्या भाजीचे हिरवेगार ढीग लागतात, पेरू येतात, बोरं येतात. बाजूच्या गावांतून मळलेल्या धानाचा तो कोरडा, खाजरा, गोडसर वास येतो. तो वास आला की मला हमखास मासळी आठवते. धानाच्या वासाने मासळी आठवणारा माणूस अख्ख्या दुर्ग जिल्ह्यात मी एकटाच असेन.

तात्या आमच्याकडे आले ते त्या वर्षीच्या दिवाळीनंतर. दिवाळीच्या आधी सासूबाई गेल्या. तात्यांचं घर देवगडच्या खालच्या अंगाला, खाडी समुद्राला मिळते तिथल्या एका लहानशा गावात. दारातून चार ढांगा टाकल्या की वाळू. वृंदा त्यांची एकुलती एक. ती नागपूरला मामाकडे शिकायला आली होती, तिथे आमचं जमलं, आणि खाडीकाठची मुलगी चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरात आली. आईचे दिवस करून ती परतली ती तात्यांना घेऊनच. घराला कुलूप, किल्ली शेजारच्या पुतण्याकडे.

"आता ते इथंच राहतीन," वृंदाने मला बजावलं. "एकट्याने त्या घरात नाही राहू द्यायची मी त्यांना. रात्री काही झालं तर कोण आहे तिथं?"

माझी हरकत नव्हती. तात्यांचीही नव्हती, हीच तर पंचाईत होती. ते कशालाच नाही म्हणत नसत. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. कोण चढलं, कोण उतरलं, सगळ्यांना जागा करून द्यायची सवय. आमच्या घरातही ते जागा करून देत, म्हणजे स्वतः इतके कोपऱ्यात सरकत की एक दिवस भिंतीतच जातील असं वाटावं. आणि जेवत नसत. वृंदा वाढायला लागली की ताटाच्या काठावर बोटाच्या पेराने एकदा टक् करत. एक घंटा म्हणजे गाडी थांबवा. भाताच्या दुसऱ्या घासाला टक्. भाकरीच्या चतकोराला टक्. त्या स्टीलच्या ताटाचा आवाज लहानसाच. पण वृंदाच्या चेहऱ्यावर तो मोठा होऊन उमटायचा.

त्यांच्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, जेवलं पाहिजे. हे आम्हालाही दिसत होतं. एका संध्याकाळी वृंदाने बापाच्या अंगात स्वेटर घातला आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, "एवढंच विचारते मी त्यांना, काय खावंसं वाटते? तर म्हणतात, काय नको गो. लय मागं लागली तेव्हा म्हणाले, मुडदुशी असती तर बघितलं असतं. आमच्याकडे आजाऱ्याला तीच भरवतात. इथं कुठली मुडदुशी?"

"म्हाताऱ्याचं मी पायतो," मी म्हणालो.

मी असं म्हणालो की घरातली माणसं सावध होतात. पण माझ्या आत्मविश्वासाला आधार होता. मी यार्डात मालगाडीचे डबे तपासतो. धावत्या गाडीकडे पाहून कुठल्या डब्याची स्प्रिंग मोडली ते सांगतो. डब्याची नुसती ठेवण पाहून कोळशाचा की सिमेंटचा ते सांगतो. शेकडो डबे रोज नजरेखालून जातात. मासा तो काय आणि त्याची ओळख ती काय! मी वृंदाला बसवलं आणि रीतसर विचारलं. लांबी? वीतभर. बांधा? सडपातळ, तोंडाकडे निमुळता. रंग? पाठ ओल्या वाळूसारखी, पोट चांदीचं. तोंड? लहान, पुढे आलेलं. बस्स, म्हटलं, सापडली समज.

"मिशांचं तू बोललीच नाहीस," नळाखालचा अंगठा दाखवत मी नंतर तिला म्हणालो.

"शिंगं नसतात हेही नव्हतं सांगितलं. नशीब बैल नाही आणला."

*

त्या दिवशी तात्यांनी टेंगना खाल्ला. आवडीने नव्हे, पण खाल्ला. खाताना मधेच थांबत, माझ्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे पाहत आणि पुन्हा मिशीखाली ते काहीतरी हलवत. ताटावर टक् झालं ते भाताच्या चौथ्या घासाला. वृंदाने माझ्याकडे पाहिलं. मी कॉलर ताठ केली.

आणि तिथून तो मोसम सुरू झाला. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी मासळी आणायची, तात्यांनी पाटावर बसून ती तपासायची आणि नापास करायची. मी पिशवी उघडायच्या आधीच ते चष्मा लावून बसलेले असत.

कोतरी आणली. लहान, चपटी, चकचकीत. तात्यांनी ती चिमटीत धरली.

"जावयबापू, ही ऱ्हवता खंय?"

"तळ्यात, अजून कुठं."

"मगे मुडदुशी कशी जायत? तळ्यातल्या पाण्याक कोण इचारता?"

पुढच्या वेळी बाम आणली, सापासारखी लांब. ती पाहून वृंदा किंचाळली आणि तात्या चक्क मोठ्याने हसले. "अहो, वीतभर सांगितलान ना तिना? ही तर हातभर आसा."

"लहानी भेटली नाही," मी म्हणालो.

मग मी पॉवर हाऊसच्या बाजारात गेलो. तिथे विशाखापट्टणकडून बर्फात घातलेली समुद्राची मासळी येते. एका पेटीतून हुबेहूब वर्णनाचा मासा निवडून आणला. या खेपेला मी विजयी मुद्रेने पिशवी ठेवली. समुद्राचा, वीतभर, निमुळता, बिनमिशांचा. तात्यांनी त्याचे डोळे पाहिले. मोठे, बटबटीत, लालसर.

"हो खोल पाण्यातलो," ते म्हणाले. "काळोखात ऱ्हवणारो. म्हणान डोळे येवढे. मुडदुशीचे डोळे बारीक. तिका उन्हात ऱ्हवाचा असता. गुडघाभर पाण्यात."

माझी आणि त्यांची रीत वेगळी होती, हे मला हळूहळू कळत गेलं. मी माशाकडे डब्याकडे पाहावं तसा पाहत होतो: लांबी, उंची, रंग, आकार. ते एकच विचारत, राहतो कुठे? राहण्याची जागा कळली की डोळे, रंग, तोंड सगळं त्यातूनच ओळीने निघत यायचं. मुडदुशी वाळूची, म्हणून वाळूच्या रंगाची. वाळूत तोंड खुपसून किडे वेचते, म्हणून तोंड पुढे. कोणी आलं की वाळूतच घुसून बसते, म्हणून अंग सडपातळ. जाळं ओढलं तर वरून निघून जातं आणि ही खाली गप्प. लहानपणी वृंदा आणि तिच्या मैत्रिणी वाळूत पाय रोवत चालायच्या. तळव्याखाली काही वळवळलं की ओरडायचं, तात्या, हय आसा!

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय," वृंदा म्हणाली, "गुदगुल्या होत आणि पाय उचलला जाई. मासा पसार. तात्या ओरडत."

तात्या पाटावरून म्हणाले, "कधी एक गावली नाय हिका. पाय उचलूचो नाय म्हणान किती सांगलंय."

त्या महिन्यात घरात मासळी शिजत होती आणि तिच्याबरोबर गप्पा शिजत होत्या. आमच्या घरात तीन मराठ्या नांदायला लागल्या. तात्यांची मालवणी, माझी नागपुरी, आणि वृंदाची दोन्हीकडून उचललेली. तिची एक खोड आहे. बापावर माया आली की ती माका-तुका करते, आणि नवऱ्याची फिरकी घ्यायची असली की माझीच बोली माझ्यावर फेकते. संध्याकाळी तात्या अंगणात सिगडीपाशी बसत. पश्चिमेला पोलादाच्या कारखान्यात लोखंडाची वितळलेली मळी ओतली की अख्खं आभाळ नारिंगी होऊन जातं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दचकून म्हणाले होते, "मगाशी बुडलो तो सूर्य परत खंय इलो?" मग त्यांना त्याची सवय झाली. नारिंगी उजेड आला की ते म्हणत, "दुसरी फेरी इली."

मी खूश होतो. फक्त माझं ध्येय अजून बाकी होतं. खरी मुडदुशी. एकदा का ती ताटात पडली की म्हातारा इथला झाला, असं माझं पक्कं गणित होतं.

*

एका रविवारी तात्याच म्हणाले, "तुमच्याकडे नदी आसा ना? दाखवा बघू."

मी त्यांना गाडीवर बसवून दुर्गला, शिवनाथच्या काठावर नेलं. थंडीतली शिवनाथ म्हणजे शहाणी नदी. पावसाळ्यातला सगळा तमाशा विसरून एका अंगाने गुपचूप वाहणारी, आणि बाजूला रुंद, स्वच्छ वाळू. ती वाळू पाहून तात्यांच्या चालण्यात फरक पडला. चपला हातात घेतल्या, पँट दुमडली आणि ते सरळ पाण्यात शिरले.

"तात्या, पाणी थंड आहे," मी काठावरून ओरडलो. हातात त्यांची शाल आणि डोक्यात वृंदाचा चेहरा.

त्यांनी ऐकलं नाही. पोटऱ्यांपर्यंत पाण्यात ते उभे राहिले, पाय वाळूत रोवत, अंगठ्याने चाचपत. तळव्यांनी ते काहीतरी वाचत होते. ऊन कोवळं होतं. पलीकडे कोणी कपडे आपटत होतं आणि त्याचा आवाज जरा उशिरा येत होता.

"वाळू बरी आसा," ते म्हणाले. "अगदी आमच्यासारखी."

"मग इथं मुडदुशी असंन?" मी उत्साहाने विचारलं.

त्यांनी खाली वाहणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

"नाय. ह्या पाणी नुसता जाता. परत येना नाय."

भरती-ओहोटीचं बोलत होते ते. मुडदुशी राहते ती खाडीच्या तोंडाशी, जिथे पाणी दिवसातून जातं आणि येतं. गेलं की वाळू उघडी पडते, आलं की किडे वर येतात, त्यामागून मासे येतात. नुसत्या जाणाऱ्या पाण्यात तिचं काय काम? मी मान डोलावली आणि मनात टिपून ठेवलं: खाडीचं तोंड, वाळू, भरती. आता ठिकाण पक्कं झालं होतं. त्या वाक्यात अजून काही होतं का, हे पाहायला मी तिथे थांबलो नाही. मला शाल पांघरवायची होती.

घरी गेल्यावर वृंदाने ओले पाय पाहिले आणि आम्हा दोघांनाही मालवणीत झापलं. तात्या तिच्याकडे पाहून म्हणाले, "आवाज अगदी आवशीचो." आईचं नाव निघालं तशी वृंदा टॉवेल घेऊन त्यांचे पाय पुसायला बसली. जेवताना त्यांनी लवकर टक् केलं.

*

शेजारच्या क्वार्टरात मोहंतीबाबू राहतात. मालगाडीचे गार्ड. गाव ओडिशात, चिलिकाच्या काठावर. मी त्यांना ठिकाण सांगितलं. खाऱ्या पाण्याचं तळं, ते समुद्राला उघडतं ते तोंड, तिथली वाळू, भरतीचं पाणी, आणि त्यात उन्हात राहणारा, वाळूत घुसणारा वीतभर मासा. मिशा नसलेला.

"अरे साहब, ये तो हमारे यहाँ घर घर में होती है," मोहंतीबाबू म्हणाले. "बच्चा बीमार हो तो माँ यही खिलाती है. नाम छोड़िए, मछली मैं ले आऊँगा."

कमाल पाहा. एवढा मोठा देश, मध्ये एवढी जमीन, एका बाजूच्या समुद्राला दुसऱ्या बाजूचा समुद्र ठाऊक नाही. आणि तोच मासा दोन्हीकडे तशाच वाळूत, तसाच तोंड खुपसून बसलेला. दोन्हीकडच्या आया तोच आजाऱ्याला भरवतात.

पौष लागला होता. कॉलनीच्या मागच्या गावात छेरछेऱ्याची तयारी चालू होती. त्या दिवशी पोरं दारोदार नवं धान मागत फिरतात. मोहंतीबाबू सुट्टीवरून पुरीच्या गाडीने आले आणि स्टेशनवरून आधी आमच्याकडे आले. हातात थर्माकोलचा डबा, कडेने चिकटपट्टी. मी डबा ओट्यावर ठेवला. काही बोललो नाही. या वेळी बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

तात्या पाटावर बसले. वृंदाने झाकण उघडलं, वरचा बर्फ सारला. ओल्या वाळूच्या रंगाची पाठ. चांदीचं पोट. बारीक डोळे.

तात्यांनी 'ऱ्हवता खंय' विचारलं नाही. चष्माही लावला नाही. एक मासा दोन्ही तळव्यांवर आडवा घेतला, नाकाशी नेला आणि तसाच धरून राहिले. बर्फाचं पाणी त्यांच्या कोपरावरून पाटावर ठिबकत होतं.

"पास?" न राहवून मी विचारलं.

"पास," ते म्हणाले. मग वृंदाकडे पाहून: "पाय उचलू नको गो."

वृंदा हसायला लागली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मोहंतीबाबूंना मराठी कळत नाही, तरी तेही नाक पुसत बाहेर गेले.

त्या दिवशी तिने अर्धी मुडदुशी तळली आणि अर्धीचं तिखलं केलं. आंबट, लालसर, कोकमाचं. तात्या जेवायला बसले. मी आणि वृंदा त्यांच्या बोटांकडे पाहत होतो. मासा ते हाताने असा सोडवत होते की काटा अख्खा बाजूला निघत होता, फणीसारखा. भात संपला. वृंदा भाताचं पातेलं घेऊन उभी. तात्यांनी बोटाचं पेर ताटाच्या काठावर टेकवलं.

टक्. टक्.

दोन घंटा. गाडी जाऊ द्या. वृंदाने भात वाढला. पुन्हा वाढला. मी माझ्या ताटातली तळलेली मुडदुशी त्यांच्या ताटात सरकवली आणि अशा तोऱ्यात मागे रेलून बसलो की जणू बंगालचा उपसागर मीच खणला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आंघोळ करून, केस विंचरून, स्वेटरची बटणं लावून माझ्यासमोर बसले. चेहऱ्यावर तजेला. मी म्हणालो, "बरं वाटून राहिलं ना, तात्या?"

"बरां वाटता," ते म्हणाले. "अंगात ताकद इली. जावयबापू, माझा तेवढा तिकीट काढा."

*

वृंदा दोन दिवस त्यांच्याशी भांडली. समजावलं, रडली, अबोला धरला. तात्या शांत होते. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा कशालातरी नाही म्हणत होते.

"तुझ्याकडे वाईट नाय गो," ते म्हणाले. "पण तो वास इलो आणि माका घर दिसला. ओसरी दिसली. तुझ्या आवशीची तुळस दिसली, पाणी कोण घालता तिका? मी जातंय. पण पुढच्या थंडीत येतलंय. पाणी जाता, पाणी येता. तसा."

मी मोहंतीबाबूंकडे जाऊन बसलो. म्हटलं, एवढी खटपट केली, माणूस उभा केला, आणि तो निघून चालला. मोहंतीबाबूंनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रेल्वेत कालच लागलो आहे.

"आप यार्ड में क्या करते हैं, साहब? बीमार डिब्बा सिक लाइन में लेते हैं, ठीक करते हैं, फिट लिखते हैं. फिर? फिट डिब्बा कोई यार्ड में रखता है?"

इतकी वर्षं मी हातात खडू घेऊन तेच तर करत होतो. मोडलेला डबा बाजूच्या रुळावर घ्यायचा, दुरुस्त करायचा, 'फिट' लिहायचं आणि सोडायचा. प्रत्येक डब्यावर त्याच्या घरच्या रेल्वेची अक्षरं रंगवलेली असतात. डबा देशभर कुठेही फिरो, ती अक्षरं काही बदलत नाहीत. एवढं रोज वाचणाऱ्या माणसाने सासऱ्याला फिट करून ठेवून घ्यायचा बेत केला होता.

छेरछेऱ्याच्या दिवशी सकाळी पोरं दारात आली. तात्यांनी वृंदाच्या हातातलं सूप स्वतः घेतलं आणि प्रत्येकाच्या पिशवीत ओंजळ ओंजळ तांदूळ घातले. एकाला म्हणाले, "पुढच्या वर्षी ये हां. मी आसंय." तो म्हणाला, "हव."

संध्याकाळी दुर्ग स्टेशनवर आम्ही त्यांना मुंबईच्या गाडीत बसवलं. किल्ली सांभाळणारा पुतण्या गावाहून कल्याणला येऊन त्यांना उतरवून घेणार होता. वृंदाने शिदोरी, गोळ्या, पाण्याची बाटली तीन-तीनदा दाखवली. ते खिडकीपाशी बसले. शिट्टी झाली. तात्यांनी खिडकीबाहेर हात काढला आणि बोटाच्या पेराने डब्याच्या पत्र्यावर वाजवलं. टक्. टक्.

आणि गाडी खरंच हलली. मी इतक्या गाड्या सुटताना पाहिल्या आहेत, पण दोन घंटांवर सुटलेली आगगाडी ती एकच.

*

तात्या शब्दाचे पक्के निघाले. तेव्हापासून दर थंडीत येतात. एकटे, एक पिशवी घेऊन, पिशवीत कोकमाची सोलं आणि वृंदासाठी सुकी मासळी. ओसरीचं सांगतात, तुळशीचं सांगतात, खाडीच्या तोंडाची वाळू कुठे सरकली ते सांगतात. अंगणात बसून दुसऱ्या फेरीचा सूर्य पाहतात. या वर्षी परवा येत आहेत.

आज सकाळी मी भिलाई-३च्या बाजारात उभा होतो. अंगात स्वेटर, हातात पिशवी, नाकात धानाचा वास. मोहंतीबाबू कालच सुट्टीवर निघाले. जाताना विचारून गेले, वही वाली मछली लाऊँ? मी म्हणालो, नको. मासळीवालीने ओळखलं. "का देवँव भैया?" आता मला अख्ख्या बाजारातला मासा दुरून ओळखता येतो. कोतरी कुठली, बाम कुठली, तळ्याची कुठली, नदीची कुठली. मुडदुशी तर मी डोळे मिटून, नुसत्या वासावर सांगेन. तरी मी वाकून टेंगन्याच्या टोपलीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "समुंदर वाली है ना?"

"हव भैया," ती म्हणाली, आणि तोलायला घेतली. मी अंगठा सांभाळून पिशवी पुढे केली.

कारण त्या संध्याकाळी दुर्ग स्टेशनवरून घरी येताना वृंदा गाडीवर माझ्यामागे गप्प बसून होती. थंडी मरणाची होती. तिने दोन्ही हात माझ्या कोटाच्या खिशात घातले होते. मला वाटलं रडते आहे. चरोद्याचं फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, लांबच लांब, संपता संपत नव्हती. शेवटचा डबा गेला, त्याचा लाल दिवा धुक्यात शिरला, आणि फाटक उघडताना तिने माझ्या पाठीला डोकं टेकवलं आणि म्हणाली:

"तुमी चुकीचा मासा आणत होते तवरोक माहा बाप राहिला. पुढच्या थंडीत तात्या आले का, मिशावालीच आणजा."